एकवीरेच्या रांगेत भेटलेली बाई

आमची सुमन नववीत गेली आणि तिचं बोलणं जास्तच अडकायला लागलं. हजेरीला 'हजर' म्हणतानाही घामाघूम व्हायची. शेवटी शाळाच सोडते म्हणाली. धुळ्याला देवपुरात तोतरेपणावर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे एकदा नेलं, तर ही तोंड मिटून बसली ती बसलीच.

त्याआधीच मी धुळ्याच्याच एकवीरा देवीला नवस बोलले होते, पोर मोकळं बोलू लागली की चांदीची जीभ वाहीन. सुमनने तोच नवस माझ्यावर उलटवला. "देवीच क-करी ना बठ्ठं! मंग त्या बाईकडे कसाले जावानं?" सगळं देवीच करणार तर बाईकडे कशाला, या सवालाचा मला राग आला. उपचार करणं म्हणजे देवीवर अविश्वास तर नाही, अशी पाल माझ्याही मनात चुकचुकत होतीच.

नवरात्रात दोघी दर्शनाला गेलो. रांगेत आमच्यापुढे ओटीचं ताट घेतलेली एक अनोळखी बाई होती. तिने सुमनला नाव विचारलं आणि सवयीने मीच सांगून मोकळी झाले. "मी पो-पो-पोरले इचारं," ती हसून म्हणाली आणि थांबली. मागून ढकलाढकली सुरू झाली, तरी थांबली. सुमनने बऱ्याच वेळाने नाव सांगितलं. मग कधी नव्हे ते तिनेच विचारलं, "तुम्हनं ब-बोलनं बरं नही व्हयनं?"

"नही. अ-अजून बी अडकस. पन देवपूरले बाईकडे शिकनू. आते भेव वाटस नही."

सुमनच्या प्रश्नाने आणि 'अजून अडकतं, पण आता भीती नाही' या उत्तराने माझे डोळे उघडले. एवढं करूनही अडखळलेच तर काय, ही धास्ती पोरीने मनात दाबून ठेवली होती, आणि मला आईला त्याचा पत्ता नव्हता. गाभाऱ्यात मी एवढंच म्हटलं, "आई, पोर बोलू दे, अडकत का होईना." परतताना सुमन आपणहून म्हणाली, "सोमवारे देवपूरले बाईकडे जाऊत."

सोमवारी आमच्या गावाहून, नरडाण्याहून, एसटीत बसलो. कंडक्टर आला तशी सुमनने मला हाताने गप्प केलं. "ध... ध..." सगळी गाडी बघत होती. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, तो गिळताना जीव कासावीस झाला. कंडक्टर तिकिटाचा चिमटा हातात धरून उभा राहिला. "धुळं, दोन," सुमन म्हणाली.

मला रडू आवरेना. रांगेतली ती बाई देवीने धाडली की आपली आपण आली, याचा शोध मी घेतला नाही. रोज त्या बाईच्या नावाने एक दिवा लावते. देवीवर भार टाकायचा म्हणजे काय, ते मला त्या गाडीत कळलं. लेक अडली की मी मनात हात जोडते आणि तिचा शब्द येईपर्यंत गप्प बसते.