अक्कांच्या तोंडचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा एक-दोनदा ओठांवर आलं होतं — पण तिथेही मी विषय बदलला. मुलांच्या परीक्षेचं मागून मोकळी झाले.

आणि विचित्र बघा, ज्या दिवसांतली ही गोष्ट, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात हसरे दिवस. तेव्हा सांगताना मध्येच मला हसू आलं, तर मी निर्ढावलेली आहे असं समजू नका. किंवा समजा. मी कशाला अडवू?

जळगावात आमच्या कॉलनीचं महिला मंडळ आहे. ते काढलं अक्कांनी. अक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका, कडक इस्त्रीचं पातळ, आवाज मात्र लोण्यासारखा. वयाची ऐंशी उलटली तेव्हा त्या म्हणाल्या, आता मी थकले, दुसरी अध्यक्षा निवडा. मंडळाचा नियम त्यांनीच घातलेला — अध्यक्षपदाला जी उभी राहील तिनं आपली उपाध्यक्षा आधीच जाहीर करायची. मत एकटीला नाही, जोडीला.

मी उभी राहिले. अक्कांनी मला घरी बोलावून एवढंच सांगितलं, ‘‘जोडीदारीण अशी बघ, की तू आजारी पडलीस तर तिच्या हाती मंडळ देऊन तुला गाढ झोप लागली पाहिजे.’’

मला ते पटलं. पटलं म्हणूनच तर पुढचं सगळं जास्त वाईट.

कारण अशी बाई एकच होती. निर्मला. धरणगावजवळच्या खेड्यातली लेक, लग्न होऊन आमच्या शेजारी आलेली. माझी जिवलग. ती अहिराणीत बोलायची — मंडळात, बाजारात, मुलाच्या मास्तरांशीसुद्धा — आणि जिथे बोलायची तिथे बाया पदर तोंडात धरून हसायच्या. भांडण लागलं की दोघींना हसवूनच सोडवायची. सगळ्या धरूनच चालल्या होत्या, की मी तिचंच नाव देणार. तीही धरून चालली असावी. तिनं तसं कधी म्हटलं नाही.

मी नाव दिलं शालिनीताईंचं. चांगली बाई, नावं ठेवायला जागा नाही. कुणी काही म्हटलं की मान डोलवायची. पूर्वेकडे म्हटलं तरी हो, पश्चिमेकडे म्हटलं तरी हो.

का? — आता इथवर आलेच आहे. निर्मला शेजारी बसली असती तर माझ्याकडे कुणी बघितलं नसतं. बस, एवढंच. मी खुर्चीत आणि सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळलेले, हे मला दिसत होतं. सावलीत मावेल अशी बाई मला हवी होती. निर्मला कुणाच्या सावलीत मावणारी नव्हती.

पण हे तिला कसं सांगायचं? नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती एक दिवस रुसली असती, दुसऱ्या दिवशी तिनं माझीच नक्कल करून दाखवली असती. तेवढं धैर्य नव्हतं माझ्यात. मी म्हटलं — अगदी हळहळून म्हटलं — ‘‘मला तूच हवी होतीस गं. पण अक्कांचं म्हणणं पडलं, उपाध्यक्षा जरा शुद्ध बोलणारी पाहिजे.’’

अक्का असं कधीही म्हणाल्या नव्हत्या.

निर्मला म्हणाली, ‘‘खरंच बोलनी अक्का. मन्ही जीभ खेडानी शे.’’ आणि अक्कांना मी काय सांगितलं? निर्मलाच नको म्हणाली, घरचं फार असतं तिला. दोघींमध्ये मी एक एक वीट ठेवली आणि हात झटकले.

आता पुढचं ऐका. ही बाई त्याच दिवसापासून माझ्या प्रचाराला लागली.

बिबड्यांचे दिवस होते. खानदेशात उन्हाळा लागला की ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठाले पापड, आणि ते एकटीनं होत नाहीत. गल्लीतल्या बाया आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. पहाटे ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर पाण्याचा हात लावून थापायचा. निर्मलाच्या डोक्यात आलं — प्रचार असाच करायचा, गच्चीगच्चीवर! समोरची जोडी छापील पत्रकं वाटत होती आणि मी चटके खात बिबडे थापत होते. माझे बिबडे कधी गोल झाले नाहीत. निर्मला एक उचलून साऱ्यांना दाखवायची, ‘‘हाई बिबडं शे का धुळे जिल्हाना नकाशा? जिले बिबडं थापता येत नही तिले अध्यक्ष करी टाका व माय, पीठ तरी वाची!’’

काय हसलो आम्ही! घाट्याचं पातेलं कलंडायला आलं, कुणाला ठसका लागला, खालून सासूबाई ओरडल्या, ‘‘बिबडे करताय का तमाशा?’’ शालिनीताई त्यालाही मान डोलावून हो म्हणाल्या. आम्ही उरलेला घाटा तेल घालून चाटूनपुसून खाल्ला. मी इतकी सुखी परत कधी झाले, मला आठवत नाही. आणि ते खोटं? ते त्या सुखात अजिबात बोचलं नाही. हेही कबूल करते.

आम्ही दणदणीत निवडून आलो. सत्काराच्या दिवशी बायांनी गलका केला, निर्मला, बोल! ती उठली. साऱ्याजणी हसायच्या तयारीत पुढे सरकल्या. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, अक्कांकडे एकवार बघितलं आणि म्हणाली, ‘‘सर्व भगिनींचे मी मनःपूर्वक आभार मानते.’’ आणि बसली.

कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या, सभ्य अशा.

त्यानंतर मंडळात ती तसंच बोलत आली. गल्लीत आली की परत तीच. एका संक्रांतीला मी टायफॉइडनं पडले होते. शालिनीताई एकीला म्हणाल्या हळदीकुंकू गच्चीवर, दुसरीला म्हणाल्या देवळात. अर्ध्या बाया तिळगूळ घेऊन वर, अर्ध्या कुंकू घेऊन तिकडे! निर्मलानं सगळ्यांना हाका मारून गल्लीतच उभं केलं आणि तिथेच कार्यक्रम लावला. तो हशा मला अंथरुणात ऐकू येत होता. मी उशीत तोंड घालून हसले — आणि मग हसू थांबलं.

अक्कांच्या घरी मात्र ती परत कधी गेली नाही. अक्का मला विचारायच्या, ‘‘निर्मला का गं येत नाही?’’ मी म्हणायचे, घरचं फार असतं तिला. अक्का गेल्या तेव्हा ती आली होती. उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

आता मी अध्यक्षपद सोडते आहे. परवाच्या बैठकीत सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, निर्मलाताई. ती जपून, एकेक शब्द निवडत म्हणाली, ‘‘नको. त्या खुर्चीला शोभेल असं बोलणं माझ्याजवळ नाही.’’ बायांना तो विनय वाटला. सगळ्यांत जास्त मान शालिनीताईंनी डोलावली.

इतकी वर्षं तिच्या जिभेवर पाय ठेवून उभी होते मी. अक्का नव्हत्या. मी.

संध्याकाळी तिच्याकडे जाणार आहे. दारातच ती काहीतरी बोलेल आणि मला हसवेल. हसून झालं की सांगेन. मग तिनं अर्ज भरावा, न भरावा, मला आत घ्यावं, दार लावून घ्यावं — ते तिचं.