दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही

माझी वहिनी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करते. मीही तिथेच. गरम रोलरमध्ये चादर सोडायला दोन टोकांना दोघी लागतात. नणंद-भावजयीचं तेवढं तरी जुळतं.

तिची मुलगी, माझी भाची, चाकाच्या खुर्चीत असते. जन्मापासून पायांत जोर नाही. या परक्या देशात शाळा मात्र चांगली मिळाली. खुर्चीसाठी उतार आहे, लिफ्ट आहे. वर्ग दर आठवड्याला पोहायला जातो. वर्गाच्या बाईंनी पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी विचारलं, "हिलाही नेऊ का?"

वहिनी हसली. "नको नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास." आणि तिथेच उभी राहिली. बाई "बरं" म्हणून निघून गेल्या.

"तोंडदेखलं विचारलं," वहिनी मला म्हणाली. "मनात असतं तर पुन्हा नसतं विचारलं?"

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, साधा चहासुद्धा आपण पहिल्या खेपेला घेत नाही. इथे नाही म्हणजे नाहीच. आग्रह-बिग्रह कोणाला ठाऊक नाही इथे."

तिला पटेना. नंतर सहल झाली, नाटक झालं, कुणाकुणाचे वाढदिवस झाले. दर वेळी तेच हसू, तेच "नको नको". शेजारी खुर्चीत पोर ऐकत असायची. वर्ग पोहायला गेला की ती रिकाम्या वर्गात चित्रं रंगवायची. आधी मला राग यायचा. पुढे खरं सांगते, काही वाटेनासंच झालं. वहिनीचंही तेच. आम्ही चादरी सोडत राहायचो.

शेवटी एकदा चादरीच्या त्या टोकाकडून ती म्हणाली, "उद्या हो म्हणते."

सकाळी पोर फ्रॉकच्या आत पोहायचा पोशाख घालूनच बसली. वहिनीने तिकडच्या भाषेतलं वाक्य पाठ केलं होतं. फाटकाशी एका दमात म्हणाली, "हिला पोहायला न्या."

बाईंना मनापासून आनंद झाला. त्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि थेट तिलाच विचारलं, "येतेस ना आमच्याबरोबर?"

पोर हसली, हुबेहूब आईसारखी. "नको नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास."

वहिनी घाईघाईने काहीतरी बोलू लागली, पण आपल्या भाषेत. मी त्यांच्या भाषेत म्हटलं, "बाई, तिला यायचंय हो."

"तिचं तिला ठरवू द्या," बाई समजुतीने म्हणाल्या आणि मुलांची रांग घेऊन निघाल्या.

पोर त्यांच्याकडे बघत होती. त्या पुन्हा विचारतील म्हणून वाट पाहत होती.