पैलवान म्हणू नका

आमच्या थोरल्या मेहुण्यांना पैलवान म्हटलेलं खपत नाही, आणि अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात त्यांना पैलवानाखेरीज दुसरं काही म्हणणारा माणूस सापडत नाही. त्यांची मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, ही हद्द ठरवायला सरकारी मोजणीवाला बोलवावा लागेल, असा त्यांचा बांधा. चहाची कपबशी त्यांच्या हातात गेली की भातुकलीतली वाटते. असा माणूस समोरून आल्यावर आमच्याकडचा कोणीही आदरानं म्हणणारच, "या पैलवान!" मग मेहुणे थांबतात. कितीही घाई असली तरी थांबतात. "पैलवान न्हाई. पॉवरलिफ्टर," असं म्हणून भर बाजारात भाजीच्या पिशव्या खाली ठेवतात आणि फरक समजावायला लागतात. खांद्यावर वजन घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर उताणं पडून छातीवरून वर ढकलायचं, तो बेंच प्रेस. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, तो डेडलिफ्ट. बोलता बोलता ते स्वतःच रस्त्यात बसून उठून दाखवतात, मागं टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. सगळं ऐकून झाल्यावर समोरचा माणूस समजल्यासारखी मान हलवतो आणि म्हणतो, "बरं मग, येतो पैलवान."

माझ्या बायकोचे हे सगळ्यात थोरले भाऊ. पिठाची गिरणी चालवतात आणि गिरणीच्याच मागं दोन खोल्यांत राहतात. बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग वडिलांचं, ह्यात त्यांचं स्वतःचं लग्न "पुढच्या साली बघू" यावर राहून गेलं, आणि पुढं तर "औंदा बघायचं का?" असं विचारणारंही कोणी उरलं नाही. पॉवरलिफ्टिंग त्यांच्या आयुष्यात आलं ते चाळिशी उलटल्यावर, आणि तेही कोणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखं. गावातल्या एका तरुणानं जिम काढली होती, ती चालेना. तो पुण्याला निघाला तेव्हा लोखंडी दांडा, चकत्या आणि बाक त्यानं गिरणीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. "काका, सांभाळा. आलोच परत," म्हणाला. तो काही आला नाही. मेहुण्यांनी ते सामान बरेच महिने नुसतं पुसून ठेवलं. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, "रोज नुसतं पुसून काय करायचं? बघावं तरी किती जड हाय." तेव्हापासून हा माणूस रोज संध्याकाळी गिरणीचा पट्टा उतरवतो, अंगावरचं पीठ झटकतो आणि शेडमध्ये शिरतो.

पॉवरलिफ्टर झाल्यावर त्यांना पहिली ओढ लागली ती लग्नपत्रिकेची. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं बारीक आणि भाऊबंदांची ठळक असतात, आणि प्रत्येक नावापुढं काहीतरी असावंच लागतं. माजी सरपंच, चेअरमन, प्राथमिक शिक्षक. काहीच नसलं तर "प्रगतशील शेतकरी". एका भाचीच्या लग्नात मेहुण्यांनी आग्रहानं आपल्या नावापुढं "पॉवरलिफ्टर" घालायला लावलं. छापणाऱ्यानं ते "पॉवर लिफ्ट" असं छापलं, शेजारी मोबाइल नंबरासकट. नंतर काही दिवसांनी राहात्याहून एका माणसाचा फोन आला, त्याला तीन मजली लॉजला लिफ्ट बसवायची होती. दुसऱ्या कोणी राँग नंबर म्हणून फोन ठेवला असता. मेहुण्यांनी त्या माणसाला तीनही उचली सविस्तर सांगितल्या. "लई सज्जन मानूस," ते मला नंतर म्हणाले, "शेवटपर्यंत ऐकलं बिचाऱ्यानं. दाजी, असं कोन ऐकतं?"

मग स्पर्धेचा पोशाख आला. तो अंगाला चिकटून बसणारा, बिनबाह्यांचा, मांडीपर्यंतचा एकसंध कपडा असतो. मेहुण्यांनी तो धुऊन वाळत घातला तेव्हा दळण घेऊन आलेल्या शेजारच्या काकूंनी बराच वेळ निरखून विचारलं, "हे कोनाच्या बाळाचं हाय?" मेहुणे म्हणाले, "माझं." काकू त्या दिवशी पीठ घ्यायला आल्या नाहीत, सुनेला पाठवलं.

ह्या सगळ्यावर आम्ही घरात पोट धरून हसायचो. पण माझी बदली श्रीगोंद्याच्या शाळेत झाली, जाणं-येणं वाढलं, आणि एका संध्याकाळी मी त्यांना बेंच प्रेस करताना पाहिलं. ह्या उचलीला डोक्यामागं एक माणूस उभा असावा लागतो. दांडा छातीवर अडकला तर धरायला. मेहुण्यांच्या मागं पत्र्याची भिंत होती. त्यांनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. चकत्या दांड्यावरून निसटू नयेत म्हणून लावायची खीळ ते घालायचेच नाहीत. वजन अडकलं की दांडा एका अंगाला कलता करायचा, म्हणजे चकत्या घरंगळून खाली पडायच्या आणि माणूस सुटायचा. त्या आवाजानं सुरुवातीला आळी धावून यायची. पुढं सवय झाली. त्या दिवशी चकत्या धडाधडा पडल्या, मी दचकून आत गेलो, आणि बाहेर कट्ट्यावरची माणसं शांतपणे तंबाखू मळत होती. एक जण म्हणाला, "काय न्हाई गुरुजी, पैलवान सुटला."

मी म्हटलं, "दादा, त्यापेक्षा तालमीत का जात नाही? चार माणसं तरी असतात."

ते उठून बसले. छातीवर दांड्याचा लाल वळ उमटला होता. "कुस्तीला समोर मानूस लागतो दाजी," ते म्हणाले. "ह्याला कोन लागत न्हाई. म्हून तर हे धरलं."

आणि मग त्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलं. मी सोबत म्हणून एसटीनं नगरला गेलो. एका शाळेच्या सभागृहात पोरांची झुंबड उडाली होती. प्रत्येकाबरोबर वस्ताद, दोस्त, पाठीवर थापा मारणारे, कानात ओरडणारे. मेहुणे आपल्या पोशाखावर टॉवेल पांघरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे. त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या गटात ते एकटेच निघाले. एक पंच भला माणूस होता. जवळ येऊन म्हणाला, "काका, पहिलं वजन हलकं सांगा. प्रत्येक प्रकारात तीनातली एक उचल बरोबर झाली की सुवर्णपदक तुमचंच. समोर कुणीच नाही."

"समोर कोन न्हाई म्हून हलकं उचलू?" मेहुण्यांनी विचारलं. "मंग मी पॉवरलिफ्टर कशाचा?"

शेडमध्ये ते रोज जे वजन घ्यायचे तेच त्यांनी सांगितलं. खांद्यावर घेतलं, बसले, उठले, आणि हसत माझ्याकडं पाहिलं. पंचांचे तिन्ही दिवे लाल लागले. मांडी पुरेशी खाली गेली नव्हती. दुसऱ्या वेळीही तेच. एकदा सांगितलेलं वजन नियमानं कमी करता येत नव्हतं. आपण किती खाली बसतो हे ज्याचं त्याला दिसत नाही. बाजूला उभं राहून "अजून खाली" असं सांगणारं कोणीतरी लागतं. एवढ्या वर्षांत त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी ते खाली गेले, आणखी खाली गेले, बरोबर जिथवर जायला हवं तिथवर गेले, आणि तिथून उठता येईना. चेहरा काळानिळा झाला, गुडघे थरथरले. त्याबरोबर दोन्ही बाजूंनी आणि मागून मदतीची पोरं झेपावली. कुणी दांडा धरला, कुणी त्यांना छातीभोवती कव घालून वर खेचलं.

स्पर्धा तिथंच संपली. ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं की ह्या गटात विजेता नाही. एकटाच स्पर्धक, तरी पहिला कोणी आला नाही.

आम्ही परतीची एसटी धरली. खिडकीबाहेर तोडलेल्या उसाचे फड मागं पडत होते. मेहुणे मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. मी मनातल्या मनात समजुतीची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात ते आपणहून म्हणाले, "दाजी, पाच जन धावले."

"काय?"

"पडलो तवा. पाच जन हुते. मी मोजले." ते खिडकीकडं बघत होते. "एकानं तर पार मिठीच मारली. कोनाचं लेकरू हुतं कोन जाने. 'काका, सोडा, आमी हाय,' म्हनला."

 

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटल्यावर शेडमध्ये जाऊ लागलो. मला त्यातलं काही कळत नाही आणि माझ्या दंडात एक चकतीही धरायची ताकद नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. स्क्वॉटला मी बाजूला उभा राहून "अजून खाली" म्हणायचो, बेंचला डोक्यामागं. मेहुण्यांनी चकत्यांना खीळ घालायला सुरुवात केली. मला त्याची फार भीती वाटायची. त्यांना अजिबात वाटत नसावी.

मग माझी बदली राजूरला झाली. निघताना त्यांनी सामान टेम्पोत चढवून दिलं, कपाट एकट्यानं उचललं, आणि ते गिरणीकडं निघून गेले. आठवड्याभरानं संध्याकाळी फोन आला.

"दाजी, बेंच मारतोय. फोन चालू ठिवा."

"अहो दादा, मी इथून काय करणार?"

"काय करू नका. बसा नुसतं."

तेव्हापासून हा आमचा नेम आहे. मी ओट्यावर खुर्ची टाकून फोन कानाला लावून बसतो. समोर डोंगरावर उजेड कमी होत असतो. पलीकडून बाक करकरतो, एक लांब श्वास आत जातो आणि थांबतो. नकळत माझाही थांबतो. बायको दारात येऊन खुणेनं विचारते, "दादा?" मी मान हलवतो. मग लोखंड जागेवर बसल्याचा आवाज येतो, मेहुणे "झालं" म्हणतात आणि फोन बंद करतात.

काल त्यांनी "झालं" म्हटलं, पण फोन बंद केला नाही. मी वाट पाहिली. त्यांच्याकडं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, पत्र्यावर वारा वाजत होता. त्यांना सांगायचं काही नव्हतं, मला विचारायचं काही नव्हतं. तरी मीही फोन ठेवला नाही.