पालमच्या कोळिणी

पालमला समुद्र नाही, खाडी नाही, आणि मासे खाणारे असले तरी ते गल्लीत सांगत नाहीत. तरीसुद्धा आमच्या गावातला आज पन्नाशीच्या आसपास असलेला कुठलाही प्रतिष्ठित पुरुष घ्या, तो लहानपणी एकदा तरी कोळीण झालेला आहे. याला दोन माणसं जबाबदार. एक मी आणि दुसऱ्या चन्नबसम्मा अक्का.

माझं लवकर उरकतो. अठ्ठ्याऐंशी साली मी इथल्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलो. मला पेटी वाजवता येते, ही बातमी हेडमास्तरांना कुणीतरी दिली आणि गॅदरिंग माझ्या गळ्यात पडलं. मी कोळीनृत्य जाहीर केलं. मुली नाचायला पाठवा म्हटल्यावर पालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा सातबारा मागितला होता. मग मुलांनाच नेसवायचं ठरलं. राहिली ड्रेपरी, म्हणजे नाचाचे कपडे. ती नांदेडहून भाड्याने आणायची तर आणायला एक माणूस, परत द्यायला एक माणूस आणि मधे हरवलेल्या दागिन्यांवरून भांडायला तिसरा. म्हणून मी शिवकांतअप्पा शिंप्याच्या दुकानात गेलो. अप्पा फक्त पँटी शिवायचे. त्यांनी मान हलवली. मागच्या मशीनवर कपाळाला विभूती लावलेल्या त्यांच्या मंडळी, म्हणजेच चन्नबसम्मा अक्का, बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नमुना दावा."

मी कॅलेंडरवरची कोळीण दाखवली.

"लुगडं एवढं आखूड कामून?"

"पाण्यात उतरावं लागतं ना त्यांना."

"मंग बरोबर हाय," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी बारा कोळिणी आठ दिवसांत शिवल्या. ना त्यांनी कधी समुद्र पाहिला होता, ना मी.

त्या पहिल्या वर्षी रंगीत तालमीला पोरांनी एकमेकांचे ब्लाऊज घातले. काखेत फाटले, रडारड झाली. तेव्हापासून अक्कांचा नियम झाला. प्रत्येक कपड्याच्या आत, पाठीच्या बाजूला, लाल दोऱ्याने टाके घालून नाव: मुलाचं, इयत्तेचं आणि सोंगाचं. पुढच्या वर्षी तोच कपडा दुसऱ्याला गेला की खाली दुसरं नाव. दोरा असा पक्का की उसवायला जावं तर कापडच हातात यावं. पुढे तालुक्यातल्या सगळ्या शाळांना ड्रेपरी अक्कांकडूनच जाऊ लागली. कोळिणी झाल्या, मावळे झाले, वासुदेव झाले. अप्पा गेले, पँटी बंद झाल्या, पण ड्रेपरी चालूच राहिली. रस्त्यात तहसीलचा साहेब भेटला तरी अक्का त्याच्या खांद्याकडे बघून म्हणणार, "तू वासुदेव ना रे, तेरा इंची खांदा?"

आता सगळं संपलं. शाळा मोबाईलवरून कपडे मागवतात. नाच म्हणजे काळी पँट, काळा टी-शर्ट आणि एक काळा चष्मा. अक्कांच्या घरात मात्र कपड्यांच्या अकरा पेट्या राहिल्या. घर खाली एक खोली, वर एक माडी, एवढंच. माडीची जमीन जुन्या फळ्यांची, वर मांजर चाललं तरी खाली कळतं. खालच्या खोलीत कपडे राहायचे आणि सत्तरी ओलांडलेल्या अक्का वरच्या माडीत राहायच्या. परभणीच्या डॉक्टरने गुडघ्याचा फोटो काढून सांगितलं, जिना बंद. म्हणजे कपडे वर न्यायचे किंवा विकायचे. वर न्यायला फळ्या तयार नव्हत्या.

मी म्हटलं, "अक्का, विकून टाका."

"बघू," अक्का म्हणाल्या. वर्षभर 'बघू' चाललं. रोज एकेका पायरीवर बसत वर जायच्या. मला वाटायचं, म्हातारीचा जीव गुंतलाय. मी मास्तर, मला सगळ्यातलं सगळं कळतं असं वाटायची सवयच आहे.

शेवटी वालूरचा बन्सीधर आला. त्याचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. हल्ली लग्नात हळदीला नवरीच्या मैत्रिणी कोळिणी होतात म्हणे. बन्सीधर म्हणाला, सगळंच उचलतो, मापं वाढवून घेतो. पेट्या उघडून तो माल बघायला लागला आणि एका ब्लाऊजपाशी थबकला. आत लाल दोऱ्यात स्पष्ट होतं: किशन बापूराव, पाचवी ब, कोळीण.

किशनराव म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. नगरपंचायतीला उभे आहेत. चौकाचौकांत त्यांचा हाताची घडी घातलेला, मिशीला पीळ दिलेला फोटो लागलाय. आणि बन्सीधरचे पालममधले मामा विरोधी गटात. बन्सीधरने ब्लाऊजचा फोटो काढून मामाला पाठवला. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा ब्लाऊज चारशे मोबाईलांत पोचला. हसून हसून गाव आडवं झालं. तेवढ्यात एका निवृत्त तलाठ्याने, ज्याची सगळी नोकरी बारीक अक्षरं वाचण्यात गेली, तो फोटो बोटांनी मोठा केला आणि ग्रुपवर लिहिलं, 'खालची ओळ पण वाचावी.'

खालची ओळ होती: बन्सीधर, पाचवी अ, कोळीण. पाचवीला तो मामाकडे शिकायला होता, हे तो विसरला होता. दोरा विसरला नव्हता.

त्यानंतर गावात एकदम शांतता पसरली. अकरा पेट्या होत्या, आणि कुणाचं नाव कुठल्या पेटीत आहे, हे फक्त अक्कांना ठाऊक. ज्यांनी तीस वर्षांत त्या कपड्यांची विचारपूस केली नव्हती त्यांना एका रात्रीत संस्कृतीची काळजी लागली. 'पालम सांस्कृतिक ठेवा जतन समिती' स्थापन झाली. किशनराव अध्यक्ष. मला सल्लागार केलं, कारण समितीत एक तरी म्हातारा लागतो. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये अक्कांचा सत्कार ठरला.

सत्कार जसा होतो तसाच झाला. एक तास उशीर, मग माईक बिघडला, मग सुधारला आणि मग तो सुधारल्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. म्हणजे ठेवायच्या कपड्यांत आणखी एकाची भर. किशनराव छापील मराठीत बोलले. "ही केवळ वस्त्रे नव्हेत, हा आपल्या मातीचा ठेवा आहे. हा ठेवा परक्यांच्या हाती जाता कामा नये. चन्नबसम्मा अक्कांनी तो प्राणपणाने जपावा, अशी मी गावाच्या वतीने त्यांना नम्र विनंती करतो."

टाळ्या पडल्या. कुठे जपावा, कुणी जपावा आणि गुडघ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. अक्कांना माईक दिला. त्या आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलत होत्या. त्यांनी तो ब्लाऊजच्या बाहीसारखा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "तुमी सगळे ठेवा म्हनायलाव. बरं हाय. मंग ज्यानं त्यानं आपापला घेऊन जावा. नाव आत हायच."

एवढं बोलून त्या बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की, अक्कांच्या दारात एकेक जण येऊ लागला. हातात खताची रिकामी पिशवी. औषधाच्या दुकानाचे मालक आले. दवाखान्यातला कंपाउंडर आला. एक कीर्तनकार महाराज आले आणि म्हणाले, "माझं न्हाई, भावाचं हाय." त्यांना भाऊ नाही. अक्कांनी पेटीतून बरोबर तिसरी घडी काढून दिली. एकाने तिथेच अंगाला लावून बघितलं. हसला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. बाकीचे मात्र पिशवीचं तोंड सुतळीने बांधून गेले.

किशनराव हेल्मेट घालून आले. गल्लीत घर, तरी हेल्मेट. आत येऊन बघतात तर बन्सीधर आधीच बसलेला.

"अक्का, त्यो ब्लाऊज माझाय," किशनराव म्हणाले. छापील मराठी हॉलमध्येच राहिली होती.

"खाली माझंबी नाव हाय की," बन्सीधर म्हणाला.

"माझं वर हाय."

दोघं पन्नाशीला आलेले गृहस्थ दहा मिनिटं एका ब्लाऊजवरून भांडले. मग दोघांनी मिळून मागणी केली, अक्का, नावं कापून वेगळी करून द्या.

"शिवलेल्याला म्या कात्री लावत न्हाई," अक्का म्हणाल्या. "हे सरकडं राहू द्या. त्यांनीच नाचवलं तुमाला."

दोघांनी एकदम मान डोलावली. विरोधी गटांतल्या त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तो ब्लाऊज सध्या माझ्या कपाटात आहे. दोघंही मला रस्त्यात गाडी थांबवून नमस्कार करतात.

ज्यांना कुणी न्यायला आलं नाही ते कपडे बन्सीधर टेम्पोत घालून घेऊन गेला. खोली रिकामी झाली. शनिवारी अक्कांची मुलगी ईश्वरी परभणीहून एसटीने आली, आईची बाज खाली आणायला. ईश्वरी तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. आता अठ्ठेचाळिशीची असेल. परभणीच्या स्टँडवर कधी भेटली तर मला कोरडा नमस्कार करून पुढे जाते. कॉलेजच्या ऑफिसातली माणसं सगळ्यांशी तशीच वागतात, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

बाज खाली आली. ईश्वरीने आणि शेजाऱ्याने उचलली, मी सूचना दिल्या. मग लक्षात आलं की कोपऱ्यात एक पेटी उरलीय. बारावी. लहान, पत्र्याची, कुलूप घातलेली. अक्का बाजेवर बसल्या, कमरेची किल्ली काढली आणि ईश्वरीच्या हातात दिली.

"ही ठेवू का देऊन टाकू, तूच सांग."

पेटीत एकच पोशाख होता. हिरवं आखूड लुगडं आणि त्यावर पिवळा ब्लाऊज. कोरा. ईश्वरीने ब्लाऊज उलटा केला. आत लाल दोऱ्यात 'ईश्व' एवढंच होतं आणि पुढे गंजलेली सुई तशीच टोचलेली.

मला एकदम सगळं आठवलं. त्या पहिल्या वर्षी कोळिणींच्या पुढे एक तरी खरी मुलगी असावी म्हणून मी अक्कांच्या ईश्वरीला निवडलं होतं. आठ दिवस तालीम झाली. मग अक्का शाळेत आल्या आणि म्हणाल्या, आमच्या घरची पोरगी न्हाई नाचायची. मी 'बरं' म्हटलं. गॅदरिंग चार दिवसांवर होतं, मला वाद नको होता. तिच्या जागी मी किशनला उभं केलं. त्या 'बरं'ची मला आज लाज वाटते.

ईश्वरी माझ्याकडे बघत होती. "सर, मला तुमी काढलं होतं ना? मला नीट जमत न्हवतं म्हणून?"

मी अक्कांकडे बघितलं.

"सरनी न्हाई," अक्का म्हणाल्या. "म्या काढलं. नाव घालायलते, तर शेजारची कमलबाई आली. तुमचीबी पोरगी नाचायलीय का, म्हनली. एवढंच इचारलं तिनं. माझा हात थांबला. साऱ्या गावच्या पोरांला नेसवलं म्या, आन् तुला सरचं नाव सांगितलं. पेट्या हलवल्या तर ही निघल, म्हून वर्सभर जिना चढले."

ईश्वरीने ब्लाऊज आईच्या मांडीवर ठेवला आणि अंथरूण आणायला म्हणून माडीवर गेली. अक्कांनी गंजलेली सुई हळूच ओढून काढली. घरात दुसरी सुई होती, लाल दोराही होता. त्यांना आता दिसत नाही, म्हणून मी दोरा ओवून दिला. चौथ्या प्रयत्नात ओवला गेला. त्या बोटाने चाचपत पुढचं अक्षर घालू लागल्या.

अंथरूण आणायला एवढा वेळ लागत नाही. वर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग फळ्या वाजल्या. आधी एकदा, मग थांबून दोनदा. मग पावलं ठेक्यात पडू लागली, जड, पण मोजून. दोन पुढे, एक मागे, गिरकी. मी बसवलेला नाच मला ओळखू येणार नाही तर कुणाला? छतातून माती आमच्या अंगावर पडत होती. गिरकीनंतर ठेका अडखळला, पाय चुकला, परत पहिल्यापासून सुरू झाला.

अक्कांची सुई थांबली. त्यांनी वर बघितलं.

"त्येव्हाबी हितंच चुकायची," त्या म्हणाल्या.