भूकंप, मी आणि कुलपाचं बटण

आता हसू नका हं! आधी चहा घ्या, मग सांगतो माझ्या एका बोटानं अख्खं कोचिंग कसं रिकामं केलं ते.

मुखेडला आपलं भांड्यांचं दुकान. शिक्षण सातवी, पण बिघडलेली कुठलीही वस्तू खोलून बघायची भारी खोड. लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते. तसल्याच एका क्लासात आमच्या सुमनचा निवडीचा पेपर होता. पहिल्या शंभरात आली तरच बॅच! तिला नव्या गाडीतून नेलं. ती आत गेली, अन् मी दिवे चालू, टेप चालू, तसाच गाडीत झोपलो.

उठलो तर बॅटरी खलास! पेपर सुटायला अजून तास होता. म्हटलं, पोरगी यायच्या आत गाडी चालू करून ठेवू.

शेजारी एक काळी-पिवळी जीपवाला होता.

"क्या सेठ, बॅटरी उतरली काय? थांबा, माझ्या जीपच्या बॅटरीची वायर लावतो."

वायर टेकवली मात्र, गाडी अशी बोंबलायला लागली म्हणून सांगू! दुकानातल्या सगळ्या पराती एकदम जिन्यावरून घरंगळाव्यात तशी!

"अरे सेठ, बंद करो ना!"

बंद करायचं म्हणजे किल्लीवरचं कुलपाचंच बटण, नाही का? दाबलं. क्षणभर गप्प, पुन्हा बोंब. किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं घरघरतंय, पेटत न्हाई. पुन्हा बटण, पुन्हा बोंब!

तेवढ्यात बघतो तर काय, समोरच्या तीन मजली इमारतीतून पोरं धडाधडा खाली पळून राहिली! मागून सर, त्यांच्या मागून लाटणं घेतलेल्या मेसवाल्या मावशी. आता सांगा, आमच्या भागात माणसं अशी पळाली की दुसरं काय मनात येणार? मी किल्ली घेऊन सुटलो.

"भूकंप! मैदानात चला, मैदानात!"

होय, हे ओरडणारा पहिला माणूस मीच!

मैदानात धापा टाकत मी सरांना समजावून राहिलो, "नव्या गाड्यांना लई आधी कळतं, सर. माझीच बघा की, कशी ओरडून राहिली."

"ती गाडी तुमची?"

"हाव!" मी छाती काढून म्हणालो.

"अहो, तिचाच आवाज धोक्याचा भोंगा समजून आम्ही खाली आलो!"

सुमननं गर्दीतून येऊन माझ्या हातातली किल्ली घेतली, दुसरं बटण दाबलं. सगळं शांत. किल्ली फिरवली, गाडी चालू!

"बाबा, तुम्ही दर वेळी कुलूपच लावत होता. गाडीनं तुम्हालाच चोर समजलं!"

तोवर मैदानात पोरांनी एकमेकांना सगळी उत्तरं सांगून टाकलेली. सरांनी पेपर रद्द केला, नवा पुढच्या रविवारी. "तीनच गणितं राहिली होती, बाबा," एवढं म्हणून सुमन जी रडायला लागली, ती मुखेडपर्यंत!

दुसऱ्या पेपरात तिला बॅच मिळाली, देवाची कृपा! त्या रविवारी मात्र तिनं मला एसटीनंच नेलं. गेटवरच्या वॉचमननं लांबूनच ओळखलं.

"सेठ, गाडी कुठंय?"

"मुखेडला."

त्यानं तरीही माझे दोन्ही खिसे चाचपले, किल्ली न्हाई याची खात्री केली, अन् आत हाक दिली, "सर, वाटा पेपर!"