आंबेमोहोराची वेबसाइट

भोरच्या व्यापाऱ्याशी भावावरून भांडून मी माझा आंबेमोहोर पुण्यातल्या गिऱ्हाइकांना थेट वेबसाइटवरून विकू लागलो. तीन वर्षं बरी गेली. यंदा नवा तांदूळ गिरणीतून भरडून आला आणि वेबसाइट उघडेना. उघडायला जावं तर लाल पान, 'ही साइट धोकादायक आहे.' गिऱ्हाइकं फोनवर विचारू लागली, "तुमच्याकडून मोबाईलमध्ये व्हायरस येतो म्हणे?"

वेबसाइट बनवणाऱ्या बाईंकडे तडक सारोळ्याला गेलो. त्यांनी तपासलं: ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, त्यातून व्हायरस शिरला होता.

"असलं बसवलंतच कसं?" मी ओरडलो.

"काका, मी विकतचं सांगितलं व्हतं. तुमीच म्हणालात, फुकटातलं बसवा, न्हाईतर दुसरीकडं जातो."

म्हणालो होतो. पण त्यातला धोका सांगणं त्यांचं काम होतं, हे मी आजही म्हणतो.

लाल पान जायला महिना लागला. तोवर गिऱ्हाइकं तुटली, तांदळाचा वासही उडू लागला. शेवटी पोती टेम्पोत घालून त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिलो.

"या, वेबसाइटवाले," तो म्हणाला. मूठभर दाणे हुंगून त्यानं भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही.