मागंच हाय ती

आमच्या सहलीत माणसं मोजायची पद्धत अशी होती : स्नेहल यादी घेऊन उभी राहायची, एकेक आडनाव पुकारायची आणि पुरुष हात वर करून सांगायचे, "दोघं." सव्वीस माणसं, तेरा जोडपी, तेरा हात. संगमनेरहून निघालो तेव्हापासून प्रागचे तीन दिवस हेच चाललं होतं. स्नेहल नगरची, अठ्ठावीसेक वर्षांची मुलगी, सहल तिच्या अंगावर. "प्रत्येकानं आपापलं सांगा ना," असं तिनं पहिल्याच दिवशी म्हणून पाहिलं होतं. बायका हसल्या आणि त्यांनी नवऱ्यांकडे बोट दाखवलं. मीही दाखवलं. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, घरातल्या सगळ्या तारखा तोंडपाठ असलेली बाई मी, पण माझी हजेरी आमचे हेच देत होते.

गुंजाळ हे आडनाव आलं की मच्छिंद्रकाका मागे न बघता म्हणायचे, "दोघं. मागंच हाय ती."

आणि ती असायचीच. मालनबाई. काकांच्या मागे दहा पावलं, साडीवर पांढरे बूट, डोक्यावर पदर. संगमनेरजवळच्या गावात या बाईनं चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातलं. पाच गाईंचं सगळं हातानं केलं. काका दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते मोटारसायकलवर पुढे जायचे, ही किटली घेऊन चालत. मुलगा रविराज पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं दोघांना या सहलीला धाडलं. "मला कुठं यायचं हुतं," ती मला विमानात म्हणाली, "गाभन गाय सोडून आले मी. पन पोरगं रुसलं."

प्रागला सगळे पुलाचे फोटो काढत होते तेव्हा ही पुलाच्या कडेला वाकून नदीचं पाणी बघत होती. "आपल्या प्रवरेला एवढं पानी जूनमधी असतं, तर काय पायजे हुतं, ताई." बाई बोलायची कमी, बघायची फार. मला ती आवडायला लागली होती.

तिचा पासपोर्ट, मोबाईल, बीपीच्या गोळ्या, सगळं काकांच्या कमरेच्या पाकिटात. स्नेहलनं दोनदा सांगितलं होतं, काकूंचं काकूंकडे द्या. काका म्हणाले, "हरवून बसंल. माझ्याकडं काय अन् तिच्याकडं काय."

व्हिएन्नाला शेवटच्या दिवशी ऊन असं होतं की आपला एप्रिल आठवावा. मोठ्या चर्चच्या चौकातून आम्ही अडीचला निघालो. दुकानांच्या रस्त्यानं राजवाड्याच्या दरवाजाशी आलो, तिथं तीनला मोजणी झाली. "गुंजाळ?" "दोघं. मागंच हाय ती." मग बाग, आइस्क्रीम, आणि चारला बस. बुडापेस्टला जायचं होतं.

बसमध्ये काकांच्या शेजारची खिडकीजवळची जागा रिकामी.

"काकू कुठायत?" स्नेहलनं विचारलं.

काका उठले, बसमध्ये मागे पाहिलं, खाली उतरले, पुन्हा चढले. "आत्ता तर हुती. बागेत हुती माझ्यासंगं."

मग पळापळ. बागेचा प्रत्येक बाक, स्वच्छतागृहांची रांग, आइस्क्रीमची गाडी. आमचे हे आणि आणखी चौघे पुरुष पांगले. साडीतली बाई त्या गर्दीत लपणार कशी, असं सगळे म्हणत होते, आणि ती दिसत नव्हती. स्नेहलनं पोलिसांना फोन लावला. वय बासष्ट, जांभळी साडी, भाषा फक्त मराठी, जवळ कागद नाही, फोन नाही. एकेक गोष्ट सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. सकाळची गोळी घेतली होती, दुपारची काकांच्या पाकिटात.

ड्रायव्हर घड्याळाकडे बोट दाखवत होता. त्याचे गाडी चालवायचे तास कायद्यानं ठरलेले. पाचच्या पुढे थांबला तर आज बुडापेस्टला पोचवू शकत नव्हता. "पाचला बस जाईल," स्नेहल म्हणाली, "मी इथं थांबते. काका, तुम्हीही."

कुणीतरी मागून बोललं, "बायामाणसांनी जरा नीट चालायला नको का?" मी वळून पाहिलं, तेव्हा गप्प झालं.

काका पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. राजवाड्याच्या दारात होती. बागेत होती. आइस्क्रीम नको म्हणाली. त्यांचं ते "नको म्हणाली" मला खटकलं. कारण आइस्क्रीम मी सगळ्यांना विचारून घेतलं होतं, आणि मालनबाईनं मला नको म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी मोबाईल काढला. दरवाजाशी सगळ्यांचा फोटो मीच काढला होता. मोठा करून एकेक चेहरा पाहिला. पंचवीस असायला हवे होते, मला सोडून. चोवीस होते. काका मधोमध हसत उभे, आणि त्यांच्या मागे दगडी खांब.

हा फोटो मी बसभर दाखवू शकले असते. काकांना बाजूला झाडाखाली घेतलं.

"काका, बघा. मावशी दारातच नव्हत्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आसंल कडेला."

"काका, एकदाच विचारते. तुम्ही त्यांना शेवटचं डोळ्यांनी कुठं बघितलं?"

ते फोटोकडे बघत राहिले. घाई केली असती तर ते पुन्हा बागेतच शिरले असते. चार पंचवीस झाले होते.

"न्हाई बघितलं," ते म्हणाले. "मी मागं बघतच न्हाई, ताई. ती असतीच."

"मग शेवटचं ऐकलं कुठं?"

आता त्यांचा हात कमरेच्या पाकिटावर गेला आणि तिथंच राहिला. "त्या चर्चपशी. घोडागाड्या हुत्या न्हाई का. म्हनली, अहो, ह्या घोड्याचा पाय बघा. मी म्हनलं, चल. मी थांबलो न्हाई."

"आता तिथून दोन तास झाले, काका. कुठंही गेल्या असतील."

"जायची न्हाई." हे मात्र त्यांनी पटकन सांगितलं. "रवी ल्हान असताना बाजारात त्याला हेच शिकवायची. जिथं हात सुटंल तिथंच उभं ऱ्हायाचं, कोनी किती बी बोलावलं तरी. आपलं मानूस तिथंच येतं."

आम्ही निघालो. स्नेहलला चालता चालता सांगितलं. ती मला म्हणाली, "पाचपर्यंत, काकू. नंतर माझ्या हातात नाही." सत्तर वर्षांचे काका त्या दुकानांच्या रस्त्यानं धावत होते, माणसांना धक्के देत, आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत होते. आता मागे फक्त मी होते.

चौकात पोचलो. घोडागाड्यांची रांग होती, पण जांभळी साडी नव्हती. छत्री उंच धरलेला एक वाटाड्या चाळीसेक माणसं घेऊन मध्ये उभा. काका नुसतेच उभे राहिले. "उशीर केला मी," असं काहीतरी पुटपुटले.

छत्री हलली, घोळका सरकला, आणि दिव्याच्या खांबापाशी मालनबाई दिसली. एका हातानं खांब घट्ट धरलेला. उलट्या घातलेल्या बादलीवर बसलेली. शेजारी काळी टोपी घातलेली गाडीवान बाई, घोड्याचा पुढचा पाय मांडीवर घेऊन. दोघी त्या खुरात बघून बोलत होत्या. एक मराठीत, एक जर्मनमध्ये.

"खडा रुतला हुता," मालनबाई मला म्हणाली. चेहरा लाल, ओठ सुकलेले. "लई भली बाई. पानी दिलं. दोनदा पोलिसाकडं न्यायला लागली हाताला धरून. मी खांब सोडला न्हाई."

काकांनी पाकीट उघडलं. गोळीची पट्टी खाली पडली. ती मी उचलून दिली.

"पाय दुखले का गं?" एवढंच त्यांना सुचलं.

मालनबाईनं गोळी गिळली, पाणी प्याली, आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "मान वळवायला दोन तास लागले व्हय?"

काकांनी तिचा पासपोर्ट काढला, मोबाईल काढला, गोळ्या काढल्या आणि तिथंच, चौकात, तिच्या पदरात घातल्या. ती निघताना गाडीवान बाईच्या खांद्यावर थाप मारून आली.

परत जाताना ती पुढे होती. घाईनं नाही, तिच्या डेअरीच्या चालीनं. पाचला चार मिनिटं कमी असताना बस दिसली, दार उघडं, ड्रायव्हर खाली उभा. स्नेहलनं डोळे पुसले आणि यादी काढली. तिचं काम तिला करावंच लागणार होतं.

"गुंजाळ?"

सवयीनं काकांचा हात अर्धा वर गेला.

"मी हाय," मालनबाई पायरी चढत म्हणाली. "ह्यांचं ह्यांना इचारा."

बस हसली. स्नेहल हसली नाही. तिनं खरंच काकांकडे पाहिलं आणि थांबली.

"हाय," काका म्हणाले. "मागं हाय."

त्यानंतर माझं आडनाव आलं. आमच्या ह्यांचा हात वर जात होता, तो मी खाली धरला.